आपला खजिना कोणता?



इ. स. २५८. सम्राट व्हॅलेरियनच्या राजवटीत रोममध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता. ख्रिस्तसभेच्या पैशांची जबाबदारी संत लॉरेन्स ह्या डीकनवर होती. परंपरा सांगते की, अधिकाऱ्यांनी ख्रिस्तसभेचा खजिना मागितला, तेव्हा ते गोरगरिबांना घेऊन आले आणि हाच आमचा खजिना, असे म्हणाले.

कुणी आपल्याकडे असाच खजिना मागितला, तर आपण काय पुढे करू? लॉकरची किल्ली? सातबारा? की आतल्या खोलीत आपली वाट पाहणारी म्हातारी आई?

उत्तर आपल्याला ठाऊक असते. पण मन तिथे लागत नाही, अशी आपली सबब असते. मत्तयच्या शुभवर्तमानात (६:२१) प्रभू येशूने क्रम उलटा सांगितला आहे: आधी धन, मग मन. जिथे आपण आपले धन ठेवतो, तिथे मन मागोमाग जाते. जमिनीच्या तुकड्यासाठी आपण वर्षानुवर्षे कोर्टाच्या फेऱ्या मारतो, म्हणून झोपेतही तो तुकडाच दिसतो. सख्खा भाऊ दिसत नाही.

तेव्हा प्रेम वाटेपर्यंत थांबायला नको. आधी वेळ देऊ, पदरचे काही देऊ. मन मागून येईल. आज मिस्साहून घरी गेल्यावर आपण आईच्या खाटेपाशी अर्धा तास बसू या. भावाच्या दारी जाऊ या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू