अर्धवट रंगलेले मावळे (गीता २.४१)



दिवाळीचा किल्ला करणाऱ्या घरात, परतूर असो की पुणे, खिडकीत हमखास अशी रांग दिसते: फेटा झालेला पण चेहरा राहिलेला मावळा, खोगीर नसलेला घोडा, अर्धीच काळी तोफ.

आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला, ४१ वा. निश्चयी बुद्धी एकच असते, अनिश्चयी माणसाच्या बुद्धीला फांद्याच फांद्या, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. मग एका वेळी दहा मावळे हाती घेणं चूक का?

मला नाही वाटत. पेणचे गणपती कारखाने बघा. एकच रंग ओळीनं कितीतरी मूर्तींवर चढतो, तोवर पहिल्या वाळतात. हाताखाली मूर्ती अनेक, डोक्यात चतुर्थी एकच.

पुढचे ४२ ते ४४ श्लोक वाचले की कळतं, फांद्या फुटतात त्या फळाच्या ओढीनं. भोग हवा, ऐश्वर्य हवं. मावळा खाली ठेवला तो रंग ओला आहे म्हणून, की नव्या घोड्याच्या फोटोला जास्त लाइक्स मिळतील म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं हो! (रीलवाल्या आपल्या पिढीला हे टोचणार, टोचू दे.) बघणाऱ्याला फरक सांगता येत नाही, ब्रश धरणाऱ्यालाच तो माहीत असतो.