तिसरी पट्टी

रंध्याचं छोटं यंत्र घ्यायचं म्हणून गेले काही दिवस माझं जळगाव-धुळे चाललं होतं. दुकान लहान, वीज सिंगल फेज, त्यामुळे पाच-सहा फुटी टेबलाचं सरफेस प्लॅनर बादच. उरलं सहा इंची, अडीच फुटी टेबलाचं. त्यावर साधारण दुप्पट लांबीची, म्हणजे पाच फुटांपर्यंतची फळी नीट निघते. पलंगाच्या लांब बाजू हातरंध्यानं मारू. तेवढं चालतं. मी अडलो वेगळ्याच जागी. ज्या टेबलाच्या भरवशावर फळी सरळ म्हणायची, ते टेबल सरळ आहे हे कोणी सांगायचं?

दुकानदार म्हणाला, "भाऊ, पट्टी लावून बघा ना." लावली. उजेड कुठून येईना. पण पट्टी तरी सरळ कशावरून?

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं 'विग्रहव्यावर्तनी'त प्रमाणवाद्यांना नेमकं हेच विचारलंय. वस्तू प्रमाणांनी सिद्ध होतात, मग प्रमाणं कशानं? दुसऱ्या प्रमाणानं म्हणाल तर त्याला तिसरं लागणार, आणि हे कधी संपणारच नाही. न्यायसूत्रांत तराजूचा दाखला आहे. तराजू सोनं तोलतो, पण त्याचाच संशय आला तर खात्रीच्या सोन्यानं तराजूही पारखता येतो. आमच्या जळगावच्या सराफांना पटेल असं उत्तर. मला मात्र पुरतं पटत नाही, कारण सोनं आणि तराजू यांची खोट एकमेकांना झाकणारी असू शकते.

धुळ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिसरी पट्टी लई ये, भाऊ." दोन पट्ट्या एकमेकींवर घासून बसवल्या की त्या चपखल बसतात, पण एकीला फुगवटा आणि दुसरीला तेवढाच खोलगटपणा असला तरीही बसतात. आता फुगीर पट्टीवर तिसरी बसवा. तीही खोलगटच होणार. मग दोन्ही खोलगट पट्ट्या समोरासमोर धरा, मधली फट लगेच दिसते. तिघी आळीपाळीनं एकमेकींशी जुळल्या तरच तिघी सरळ. लोखंडी सपाट प्लेटी अशाच करतात. जोसेफ व्हिटवर्थनं 1840 साली ग्लासगोतल्या एका सभेत ही रीत मांडली होती. बाहेरून कुठलंही प्रमाण आणावं लागत नाही.

तेव्हापासून गुरू-शिष्याच्या जोड्यांकडे मी जरा संशयानंच बघतो. शिष्य म्हणतो, महाराजांचं बोलणं मला तंतोतंत लागू पडलं. पडणारच. वर्षानुवर्षं घासून त्याचा खोलगटपणा त्यांच्या फुगवट्याला बसलेला असतो. एकमत झालं म्हणजे सत्य सापडलं, असं मला वाटत नाही.

आमच्याच मुलखातलं बघा. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे. आख्यायिका अशी की, चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरा कागद धाडला. वयानं लहान आणि ज्ञानानं मोठ्या माणसाला मायना काय लिहावा हेच ठरेना. भोवती शिष्यांचा मेळा होता, पण एकालाही त्यात काही खटकलं नाही. एवढं जगून हा कोराच राहिला, हे म्हणायला मुक्ताबाई लागली, वयानं सगळ्यांत लहान. पुढे तीच त्यांची गुरू झाली. लहान यंत्रावर भरवसा ठेवावा का, ही माझी शंका तिथेच थोडी सैल झाली.

थोडीच, कारण लाकूड आख्यायिका जुमानत नाही. यंत्राची फेन्स, म्हणजे फळी टेकवायची उभी बाजू, किंचित कललेली असली तरी शेजारच्या दोन फळ्यांपैकी एक उलटी धरून काढली की कोन एकमेकांना भरून काढतात आणि सांधा जुळतो. काम भागतं, पण गुण्या लावला की कड काटकोनात नाही हे कळतंच.

शेवटी धुळ्यातलं सहा इंची घ्यायचं ठरवलं. दोन्ही टेबलं समांतर होती, बाहेरचं टेबल पात्याच्या माथ्याशी बरोबर लागत होतं आणि तीन पट्ट्यांनी एकच साक्ष दिली. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानातल्या पट्टीवर विसंबू नका, आपल्या तीन घेऊन जा.