ऋणकोचे भांडे

ज्या बँकेचे आपण देणे लागतो, तिच्यापासून आपला पगार दूर ठेवणे हा अप्रामाणिकपणा आहे काय? ब्रिटनमध्ये हप्त्यांनी कर्ज फेडण्याचा करार करणाऱ्या ऋणकोला नेमका हाच सल्ला मिळतो : जिथे काही देणे नाही अशा बँकेत साधे खाते उघडा. कारण धनको बँक खात्यात आलेली रक्कम थकबाकीपोटी परस्पर वळती करून घेऊ शकते. २०१५ च्या नियमांनुसार तेथील नेमलेल्या मोठ्या बँकांना पात्र अर्जदारास असे खाते द्यावे लागते; त्यातून जमेहून अधिक उचल मात्र करता येत नाही.

वरवर पाहता ही पळवाट वाटते. परंतु दूर ठेवणे म्हणजे लपवणे नव्हे. करार करताना ऋणकोने आपली मिळकत आणि खर्च मांडलेलाच असतो. एकाच धनकोने सारा पगार उचलला, तर इतरांचे हप्ते, घरभाडे आणि चूल, तिन्ही बुडतात. शब्द पाळला जावा, तर शब्द देणारा आधी तगला पाहिजे.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० ऋणकोची स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याचे गरजेपुरते बियाणे जप्तीतून वगळते. ही केवळ दया नव्हे. बियाणेच नेले, तर कर्ज फिटणार कशातून? आज पगार खात्यावर जमा होतो. तेव्हा खाते हेही एक भांडेच होय. ते ऋणकोपाशी राहू देण्याने कर्ज माफ होत नाही. ते फेडणारा माणूस शिल्लक राहतो.