शेपूट कुणी छाटलं?

बसू नकोस, उभाच राहा. हा प्रोजेक्ट आहे की उजळणी वर्गाची जाहिरात? म्हणे, ‘वर्गामुळे गुण वाढतात हे सिद्ध झाले.’ सिद्ध? अरे, प्रमेयं सिद्ध होतात. इथे फार तर शून्य परिकल्पना नाकारता येते, तीही चूक होण्याची जोखीम पत्करून.

१६ मुलं, सरासरी वाढ ३.८ गुण, फरकांचं प्रमाण विचलन ८. म्हणजे प्रमाण त्रुटी २ आणि टी १.९. आकडेमोड बरोबर आहे, लगेच हुरळू नकोस. आराखड्यात तू टू-टेल चाचणी लिहिली होतीस. स्वातंत्र्यमात्रा १५, पातळी ५ टक्के, मर्यादा २.१३१. तुझा १.९ तिथवर पोहोचेना, तेव्हा वन-टेलची १.७५३ दिसली आणि रातोरात एक शेपूट गायब! वन-टेल हे पाप नव्हे; आधी ठरवलं असतंस तर मी ब्र काढला नसता. उत्तर बघून प्रश्न बदलतोस? डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरी करणाऱ्या गॉसेटनं १९०८ मध्ये ही पद्धत मांडली, ती मूठभर नमुन्यांवरूनही जपून बोलता यावं म्हणून. टोपणनाव घेतलं ‘स्टुडंट’. तू तर नावनोंदणी केलेला विद्यार्थी, तरी ही तऱ्हा!

आणि हे परवडलं, असं पुढचं आहे. मुलं कुठली घेतलीस? पहिल्या चाचणीत तळाला गेलेली. त्यातल्या कुणाला त्या दिवशी ताप असेल, कुणी ऑप्शनला टाकलेलेच धडे पेपरात आले असतील. अशी मुलं पुढच्या वेळी कुठल्याही वर्गाला न जाता चार गुण वर सरकतात. उंच आईबापांची मुलं सरासरीकडे झुकतात, हे गॉल्टननं १८८६ मध्येच दाखवलंय; तासाला तू मान डोलावली होतीस. शिवाय मधल्या काळात शाळा काय झोपली होती? तितकेच कमी गुण मिळालेली, पण वर्गाला न गेलेली मुलं कुठायत तुझ्या तक्त्यात? चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं वर्गाला पाठवायची, निम्मी नाही. एवढंच करायचं होतं रे.

थांब, निघालास कुठे? हजेरीत १९ नावं आहेत. तिघं कुठे गेली? ‘मध्येच सोडून गेली.’ का गेली, विचारलंस? परीक्षेला तर बसली होती ना? त्यांचे गुण उद्या दहाच्या आत टेबलावर हवेत. आणि ते १.७५३ खोडू नकोस. तोंडी परीक्षेला मी त्यावरच विचारणार आहे.