सिस्टर, मग पेशंटला कोण बघणार?

माझी आतेबहीण एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. तिच्या ऑफच्या दिवशीही इन्चार्ज सिस्टरचा फोन येतो. कुणीतरी दांडी मारलेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो, ‘मग पेशंटला कोण बघणार?’ याला उत्तर नसतं. ताई डबा भरते आणि निघते. हजेरीपटावर ती निष्ठावान कर्मचारी आहे. परदेशातल्या नोकरीचा फॉर्म तिने भरलाय, हे हजेरीपटावर दिसत नाही.

मेयर आणि अ‍ॅलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१मध्ये मांडलं होतं, की माणूस नोकरी धरून राहतो ती तीन प्रकारे: राहावंसं वाटतं म्हणून, सोडणं परवडत नाही म्हणून, किंवा सोडणं आपल्याला शोभत नाही म्हणून. नर्सच्या बाबतीत हे तिसरं कारण वरिष्ठांना आयतंच मिळतं. ‘सेवा’ हा शब्द ट्रेनिंगपासूनच अंगात भिनलेला असतो. मला खटकतं ते इथे. ताईचं कर्तव्य पेशंटशी आहे. इन्चार्ज ते उचलून रुग्णालयाच्या खात्यात जमा करते. माणसं कमी भरली व्यवस्थापनाने, अपराधी वाटतं ताईला.

इन्चार्जच्या हातात तरी काय असतं म्हणा! जागा ती भरत नाही. पण ड्यूटी लिस्ट तीच लावते. ताईची आधीची इन्चार्ज दिवाळीच्या नाइटला पहिलं नाव स्वतःचं टाकायची. डॉक्टर वॉर्डात ओरडले की मध्ये उभी राहायची. माणसं तेव्हाही कमीच होती, पण बदली कुणी मागत नसे. ती निवृत्त झाली आणि वर्षभरात तिघी सोडून गेल्या. म्हणजे निष्ठा रुग्णालयावर होती की तिच्यावर? मला वाटतं, इमारतीवर निष्ठा कुणाची नसतेच.

मुंबईच्या केईएमचं उदाहरण मात्र याच्याही पुढे जातं. नोव्हेंबर १९७३मध्ये तिथली नर्स अरुणा शानबाग हिच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. ती पुन्हा कधी पूर्ण शुद्धीवर आली नाही. मे २०१५मध्ये ती गेली, तोवर जवळजवळ ४२ वर्षं तिथल्या नर्सेसनी तिला सांभाळलं. तिला एकही बेडसोअर झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात नोंद घेतली. एवढ्या वर्षांत कितीतरी मेट्रन आल्या नि गेल्या. नंतरच्या मुलींनी तर तिला धडधाकट कधी पाहिलंही नव्हतं.

पण याच नर्सेसनी हल्ल्यानंतर संप केला होता, तिच्यासाठी आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठीही. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिका तिला दुसरीकडे हलवायला निघाली, तेव्हा त्या विरोधात उभ्या राहिल्या आणि पालिकेला तो बेत सोडावा लागला. वरिष्ठांना ‘नाही’ म्हणणं आणि पेशंटला सोडून जाणं एकच आहे, असं त्यांना वाटलं नाही.

हे मी ताईला सांगितलं होतं. गेल्या रविवारी फोन आला तेव्हा ती पहिल्यांदाच ‘जमणार नाही’ म्हणाली. मग दुपारभर कूस बदलत पडून राहिली आणि चारच्या सुमाराला मला विचारलं, ‘सात नंबरच्या आजींचं ड्रेसिंग कुणी केलं असेल गं?’