परतीचा शब्द



भल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला आहे की आज शुभवर्तमान वाचले जात असताना त्याचा शेवट आपल्यापैकी अनेकांनी मनातल्या मनात आधीच पुरा केला असेल. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकले. याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेत नेऊन त्याची काळजी घेतली. इथवर सर्वांना पाठ असते. पण दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दिनार ठेवले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि वर आणखी खर्च झाला तर परत येईन तेव्हा तो फेडीन असे सांगितले. त्याच्या या परतीच्या शब्दाकडे आपले लक्ष क्वचित जाते.

हा दाखला चार शुभवर्तमानांपैकी एकट्या संत लूकने लिहून ठेवला आहे, आणि लूक वैद्य होता हे संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातून आपल्याला कळते. वैद्याच्या कानाने तो शब्द बरोबर टिपला, असे आम्हाला वाटते. पट्टी बांधली की काम संपले असे कोणताही वैद्य म्हणत नाही. ती सोडून पाहावी लागते.

हे दिवस आपल्याकडे निकालांचे आणि प्रवेशांचे. कुणाचा मुलगा एमबीबीएसला लागतो, कुणाची मुलगी नर्सिंगला जाते. आईवडील मिस्साचा हेतू देतात, शेजारी पेढे पोहोचतात. आनंद मोठा आहे आणि तो करावा. त्या आनंदात एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो: शिकत असतानाच ही मुले कोणाची होणार?

वैद्यकीय विद्यार्थी गावात गेले म्हणजे शिबिर, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. शाळेच्या पडवीत टेबले मांडली जातात, रक्तदाब मोजला जातो, बोट टोचून साखर पाहिली जाते, गोळ्या वाटल्या जातात, दुपारी जेवण आणि संध्याकाळी गाडी परत. अशा शिबिरांना आम्ही नावे ठेवणार नाही. एखाद्या आजीचा मोतीबिंदू तिथेच सापडतो आणि तिला पुन्हा दिसू लागते. पण ज्याचा रक्तदाब वाढलेला निघाला त्याला गोळी रोज घ्यायची असते, बहुधा जन्मभर. क्षयरोगाच्या साध्या प्रकाराचाही उपचार सहा महिन्यांचा असतो. काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, अंगात बळ येते आणि माणूस औषध सोडून कामाला लागतो. मग रोग उलटतो, आणि कधी कधी त्या औषधांना दाद देईनासा होतो. अशा वेळी उंबरठ्यावर येऊन ‘गोळ्या चालू आहेत ना?’ असे विचारणारे कोणीतरी लागते.

आपल्याच महाराष्ट्रात वर्ध्याजवळ सेवाग्रामला 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथली रीत जाणून घेण्यासारखी आहे. विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी मुले पंधरा दिवस त्या गावात राहायला जातात. एकेकाच्या वाट्याला चार-पाच कुटुंबे येतात. घरात माणसे किती, पाणी कुठून येते, शौचालय आहे की नाही, मुलांचे वजन किती, बाईच्या अंगात रक्त किती, हे सारे ते त्या घरात बसून समजून घेतात. त्यानंतर पुढच्या काळात दर महिन्याला त्याच घरांत पुन्हा जायचे असते.

पहिल्या भेटीत घरचे लोक पाहुण्याला सांगावे तसेच सांगत असतील: सगळे ठीक आहे, डॉक्टरसाहेब. कितव्या भेटीत सासू बाजूला सरते आणि सून खरे दुखणे सांगते, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले असणार? विद्यार्थ्याला ते परत जाऊनच शिकावे लागते. त्या परिसरातल्या गावांनीही हात पसरून घेतलेले नाही. सुगीला घराघरांतून ज्वारी गोळा करून तिच्यावर आरोग्य विमा चालवण्याची पद्धत सेवाग्रामच्या डॉक्टरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून उभी केली. स्वतःची ज्वारी देणारा माणूस इस्पितळात ताठ मानेने येतो.

आपल्या कॅथलिक चर्चमध्येही ही तळमळ जुनी आहे. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लौरी 1920 साली गुंटूरला आल्या, धर्मभगिनी झाल्या आणि पोपमहाशयांच्या खास परवानगीने डॉक्टरकी करीत राहिल्या. धर्मभगिनींना बाळंतपणे करण्यास चर्चच्या नियमांची आडकाठी होती आणि ती 1936 मध्ये दूर झाली, म्हणून ती परवानगी किती मोठी होती हे ध्यानात यावे. 1943 साली त्यांनी कॅथलिक इस्पितळांची संघटना उभारली. कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय व्हावे हे त्यांचे स्वप्न होते. त्या 1957 मध्ये प्रभूकडे गेल्या आणि 1963 मध्ये बंगळूरला सेंट जॉन्स उभे राहिले. तिथल्या विद्यार्थ्यांनाही खेड्यात राहावे लागते, आणि डॉक्टर झाल्यावर मिशन इस्पितळांत सेवा करण्याची अट अनेकांनी पाळली आहे.

सरकारी महाविद्यालयांतही ग्रामीण सेवेचा बाँड असतो. तो दंड भरून सोडवून घेणारे पुष्कळ निघाले. त्यांना लगेच लेवी म्हणू नये. राहायला खोली नाही, औषधे नाहीत, एकट्या मुलीला रात्री दवाखान्यात बसावे लागते, ही कारणे खोटी नाहीत, आणि ‘दंड भरू, पण जाऊ नकोस’ हे वाक्य बहुधा आपण आईवडीलच बोलतो. आता 2022 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशभरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम अभ्यासक्रमातच आणला आहे. हे काम वही भरण्यापुरतेही करता येते आणि शोमरोन्यासारखेही करता येते. वही तपासणाऱ्याला फरक कळेलच असे नाही. त्या घराला मात्र कळतो.

उतारशाळेच्या मालकालाही विसरता कामा नये. शोमरोनी गेल्यावर जखमीला पाणी पाजले ते त्याने. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आले तेव्हा त्यांनी हेच ओळखले आणि गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी डॉक्टरांच्या दोन फेऱ्यांमध्ये गाव सांभाळले ते त्यांनी. आज आशाताई आणि अंगणवाडीताई हेच करतात. त्यांच्याशी न बोलता परतणारा विद्यार्थी उतारशाळेचे दार न ठोठावताच निघून जातो.

आपल्या वसईला तर यरीहोची वाट दूर शोधायला नको. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्याच जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर पोटासाठी घर सोडतात आणि वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर येतात. पाड्यावरच्या अंगणवाडीत मुलाच्या वजनाची नोंद असते, पण मूल भट्टीवर असते. गरोदर बाईचे कार्ड तिकडे पेटीत आणि बाई इकडे विटा वाहत असते. आषाढापूर्वी ती परत जातात. म्हणजे ज्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जायचे, ती माणसे मधले काही महिने आपल्याच रस्त्याच्या कडेला असतात.

भट्ट्या दिवाळीनंतर पेटतील. वैद्यकीय, नर्सिंग किंवा फार्मसी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी ज्यांना त्या कुटुंबांकडे जायचे आहे, त्यांनी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांकडे किंवा धर्मग्राम कार्यालयात नाव द्यावे. सोबत अनुभवी डॉक्टर आणि भागातल्या आशाताई असतील. महिन्याचा एक रविवार, मिस्सानंतर, दिवाळीपासून होळीपर्यंत, आणि प्रत्येकाला दर वेळी तीच घरे. ज्यांना एकदाच येणे जमेल त्यांनी औषधांच्या पेट्या पोहोचवण्यासाठी गाडी द्यावी. तिचीही गरज आहे.