बोर्ड धरायची पकड

वाशिम, रिसोड, कारंजा, कुठल्याही बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान सापडतंच. तिथं मायक्रोस्कोपखाली मोबाइलच्या सर्किट बोर्डावरचा मिलिमीटरभराचा सुटा भाग वीसपट मोठा दिसतो. पण बोर्डाचं हलणंही वीसपट! 63 टक्के कथिल आणि 37 टक्के शिशाचं सोल्डर 183 अंशांना वितळतं. ते गोठताना बोर्ड जरा सरकला, की जोड कच्चा. म्हणून पकड हवी, आणि ती घरीही होते. खाली जड लोखंडी पाटी, वर ॲल्युमिनियमचे दोन अँगल, त्यातला एक सरकता, स्प्रिंगनं ओढलेला. अँगलला करवतीनं बारीक खाच पाडायची. बोर्डाची कड तेवढ्यातच बसावी. धातू जास्त टेकला तर उष्णता पिऊन टाकतो. उंची मात्र कमीच ठेवा, नाहीतर भिंगाखाली सोल्डरिंग आयर्न तिरपं शिरत नाही. विकतची पकड चकचकीत असते खरी. मला ही ओबडधोबडच आवडते. सबंध पाटी टेबलावर सरकवली की बोर्डाचा दुसरा कोपरा भिंगाखाली, आणि दोन्ही हात मोकळे: एकात आयर्न, दुसऱ्यात चिमटा.